नखाएवढी चित्रे

हल्ली खेडोपाडी मोबाइल पोचला आहे. त्याच्या काचेवर नखाएवढी चित्रे दिसतात. कुठे भिंग, कुठे घर, कुठे कचऱ्याचा डबा, तर कुठे दातेरी चाक. चित्रावर बोट टेकले की काम होते. पण कोणत्या चित्राने कोणते काम होते, हे सगळ्यांनाच कळते असे नाही. "मला अडाण्याला हे कसं कळणार?" असे म्हणून पुष्कळजण फोन मुलाच्या हातात देतात. मुलगा घरी नसला की काम अडते. कधी नको ते चित्र दाबले जाते आणि जपून ठेवलेला फोटो पुसला जातो.

ही चित्रे काही आकाशातून पडलेली नाहीत. कोणीतरी बसून, विचार करून ती काढली आहेत. ती कशी काढतात हे कळले की त्यांचे भय उरत नाही. म्हणून त्यांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ओळखीची खूण

वाचता न येणाऱ्याला चित्राची मदत होते, ही गोष्ट आपल्या देशाला जुनीच ठाऊक आहे. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५१ च्या शिरगणतीत शंभरांत सुमारे अठराच माणसे साक्षर निघाली होती. मग नाव वाचून मत कसे देणार? म्हणून पक्षांना चिन्हे दिली. कोणाला बैलजोडी, कोणाला झोपडी, कोणाला वडाचे झाड. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले.

पक्ष ही काही हातात धरून दाखवता येईल अशी वस्तू नव्हे. पण बैलजोडी सगळ्यांच्या ओळखीची. ओळखीच्या वस्तूने अनोळखी गोष्टीची खूण पटवायची. फोनवरच्या चित्रांचे मर्म हेच आहे.

न दिसणाऱ्या कामाचे चित्र

आंब्याचे चित्र काढणे सोपे आहे. पण 'शोधणे' याचे चित्र कसे काढाल? 'पुसून टाकणे' याचे कसे काढाल? ही कामे आहेत, वस्तू नव्हेत. शिवाय यंत्राच्या पोटात ती चालतात तेव्हा आपल्याला दिसतही नाहीत.

अशा वेळी चित्र काढणारा स्वतःला एक प्रश्न विचारतो. हेच काम माणूस हाताने करतो तेव्हा कोणती वस्तू घेतो? बारीक अक्षर शोधायला भिंग घेतो, म्हणून शोधण्याची खूण भिंग. नको ते टाकायला डबा लागतो, म्हणून पुसण्याची खूण डबा. लिहिलेला मजकूर कापायचा, तर खूण कात्रीची. यंत्राची आतली मांडणी बदलायची, तर दातेरी चाक. एकाखाली एक तीन आडव्या रेघा दिसल्या, तर ती यादी समजावी. तिच्यावर बोट टेकले की पुढची कामे ओळीने दिसतात.

ठिपक्यांच्या रांगोळीसारखे

अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने १९८४ साली मॅकिंटॉश नावाचा संगणक विकायला काढला. तोवर बहुतेक संगणकांना अक्षरे टाइप करून हुकूम द्यावा लागे. मॅकिंटॉशवर चित्रे होती. त्यांतली पुष्कळशी सुझन केर या चित्रकार बाईंनी काढली.

त्यांच्यापुढे अडचण मोठी होती. एका चित्राला जागा किती? आडव्या ३२ चौकटी आणि उभ्या ३२ चौकटी. म्हणजे सगळ्या मिळून १०२४. प्रत्येक चौकट एकतर काळी, नाहीतर पांढरी. मधला रंग नाही. त्यांनी चौकटींचा कागद घेतला आणि एकेक चौकट भरून चित्रे बसवली. आपल्या आयाबहिणी ठिपके मोजून रांगोळी काढतात, तसलेच हे काम.

एवढ्याशा जागेत सगळे मावत नाही. तिरपी रेघ काढली तर ती जिन्यासारखी दिसते. म्हणून काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवावे लागते. समजा, तुम्हाला बैल काढायचा आहे. शिंगे आणि वशिंड ठेवलीच पाहिजेत, कारण त्यांवरून बैल ओळखू येतो. खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचे ठिपके सोडले तरी चालते. उलट, सगळे घालायला गेलो तर नुसता काळा डाग उरतो. चित्र लहान झाले की ओळख पटवणारी एकच गोष्ट ठसठशीत हवी.

केर यांनी 'यंत्र नीट सुरू झाले' हे सांगायला हसऱ्या तोंडाचा संगणक काढला. 'थोडे थांबा' हे सांगायला मनगटी घड्याळ काढले. ज्याने त्याने पाहावे आणि समजावे.

चित्र मुके होते तेव्हा

पण प्रत्येक चित्र सगळ्यांशी बोलत नाही. नक्कल काढण्याच्या कामासाठी केर यांनी एकदा आरशात पाहणारी मांजर काढून पाहिली. इंग्रजीत नक्कल करणाऱ्याला मांजराचे नाव देऊन चिडवतात, म्हणून ती कल्पना. ते चित्र काही चालले नाही. मराठी माणसाने ते पाहिले असते, तर म्हटले असते, "मांजर हरवलंय वाटतं!"

म्हणून शहाणा चित्रकार चित्र आधी परक्या माणसाला दाखवतो. १९८१ साली झेरॉक्स कंपनीचा स्टार नावाचा संगणक आला. त्याच्यासाठी चिन्हांचे चार वेगवेगळे संच तयार केले होते. ते लोकांना दाखवून, कोणते चिन्ह चटकन ओळखता येते याची परीक्षा घेतली आणि मग निवड केली.

काळही चित्राला मुके करतो. 'जपून ठेवा' याची खूण म्हणून अजून पुष्कळ ठिकाणी एक चौकोनी चकती दिसते. ती आहे फ्लॉपी. पूर्वी संगणकातला मजकूर तिच्यावर उतरवून ठेवीत. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपी विकणे थांबवले. आजच्या पोरांनी ती कधी पाहिलेली नाही, तरी खूण चालूच आहे. त्यांनी ती पाठ केली आहे, एवढेच.

काही चिन्हे तर कोणत्याच वस्तूसारखी दिसत नाहीत. यंत्राच्या बटणावर उभी रेघ आणि गोल असतो. रेघ म्हणजे एक, म्हणजे चालू. गोल म्हणजे शून्य, म्हणजे बंद. अशी चिन्हे अक्षरासारखी असतात. 'अ' हे अक्षर तरी कोणत्या वस्तूसारखे दिसते? तरी आपण ते शिकलोच ना?

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, चित्र कळले नाही तर लाजू नये. ज्या वस्तूचे ते चित्र आहे ती वस्तू आपल्या घरात कधी आलीच नसेल, तर ते कळणार कसे? तो दोष आपल्या बुद्धीचा नव्हे.

दुसरी गोष्ट, चित्राबरोबर शब्द वाचावा. पहिल्या पुस्तकात 'क'शेजारी कमळ होते. कमळाने 'क' शिकवला. आता वाचता येते, तर शब्दाने चित्र शिकावे. दातेरी चाकावर बोट टेकून भाषा बदलता येते, पुष्कळ फोनांत मराठीही असते. काही चित्रांवर बोट दाबून धरले की त्यांचे नाव दिसते.

तिसरी गोष्ट, घाई करू नये. डब्याचे चित्र दाबले की फोन बहुधा पुन्हा विचारतो. तो प्रश्न वाचल्याशिवाय 'होय' म्हणू नये. चुकून फोटो पुसला गेलाच, तर बऱ्याच फोनांत तो काही दिवस त्या डब्यात पडून असतो आणि परत काढता येतो.

चौथी गोष्ट पैशाची. पैसे देताना गुप्त आकडा टाकावा लागतो, येणारे पैसे घेताना लागत नाही. "पैसे पाठवतो, अमुक चित्र दाबा आणि आकडा टाका," असे कोणी म्हणाले, तर तो ठकवतो आहे असे समजावे. चित्र कितीही ओळखीचे वाटो, त्याखालचा शब्द आणि रक्कम आपल्या डोळ्यांनी वाचावी.

चित्र वाट दाखवते. पण दारावरची पाटी वाचूनच आत पाऊल टाकावे. ती वाचण्याची विद्या आता तुमच्या हाती आली आहे.

सांगा पाहू

१. शोधण्याची खूण म्हणून भिंग का निवडले?
२. लहान चित्रात बैल काढताना काय ठेवावे? काय सोडावे?
३. तुमच्या फोनवरची पाच चित्रे पाहा. त्यांची कामे मराठीत लिहून काढा.
४. 'उधारी' या शब्दाची खूण तुम्ही कोणत्या वस्तूने दाखवाल? ती शेजाऱ्याला दाखवा. त्याला ओळखता येते का?