श्वासाचा पहारेकरी

हवाबंद खड्ड्यात बसविलेल्या माणसाचा जीव प्रथम कशाने घाबरा होईल? प्राणवायू कमी पडल्याने, असेच उत्तर बहुतेक जण देतील. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली स्थापिलेल्या कैवल्यधाम संस्थेत असा खड्डाच तयार करण्यात आला होता. त्यात राहिलेल्या व्यक्तींचा अभ्यास करंबेळकर, विनेकर व भोळे या संशोधकांनी 1968 साली प्रसिद्ध केला.

अशा खड्ड्यातील हवेचा हिशेब उद्बोधक आहे. शरीर पाच भाग प्राणवायू वापरते, तेव्हा सुमारे चार भाग कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकते. म्हणजे प्राणवायू 21 टक्क्यांवरून 16 वर उतरेपर्यंत दुसरा वायू 4 टक्क्यांवर चढतो. समुद्रसपाटीवर 16 टक्के प्राणवायू म्हणजे जवळजवळ शिमल्याची हवा. स्वस्थ बसलेल्यास तीत फारसे काही जाणवत नाही. 4 टक्के कार्बन डाय-ऑक्साइडने मात्र धाप लागते. फुफ्फुसांतील हवेत हा वायू अवघा 0.2 ते 0.3 टक्क्यांनी वाढला, तरी श्वसन दुप्पट होते, हे ऑक्सफर्डच्या हॉल्डेन व प्रीस्टली यांनी 1905 मध्येच दाखविले होते.

ही वाढ ओळखणाऱ्या चेतापेशी लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या मज्जारज्जूला जोडलेल्या भागात, तिच्या पुढील पृष्ठभागालगत असतात. रक्त व मेंदू यांमधील पडदा हायड्रोजन आयनांना सहसा आत सोडीत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र विनासायास पार होतो, पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल बनवितो, आणि ज्यांना मज्जाव होता ते आयन आतच निर्माण होतात! पेशीवरील एक प्रथिन त्यांच्या स्पर्शाने तिला चेतविते. दुसरे प्रथिन ही पोटॅशियमची वाट असून आम्लतेने ती मिटते व पेशी अधिकच उत्तेजित होते. ही दोन्ही प्रथिने नसलेल्या उंदरांचा श्वास कार्बन डाय-ऑक्साइड वाढूनही फारसा वाढत नाही, असे 2015 साली आढळले. प्राणवायूची खबर मुख्यतः मानेतील धमन्यांजवळची चौकी ठेवते. पण तो बराच घटल्यावाचून ती ओरड करीत नाही.

काही बालकांत हा पहारा जन्मतःच दुबळा असतो. झोपेत त्यांना यंत्राने श्वास द्यावा लागतो. धडधाकट मुलेही तो नकळत झोपवितात. विहिरीत बुडी मारण्यापूर्वी ती भराभर खोल श्वास घेतात. त्याने रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण रक्त त्याने आधीच जवळजवळ भरलेले असते. कार्बन डाय-ऑक्साइड तेवढा निघून जातो. पाण्याखाली प्राणवायू संपत येतो, तरी इशारा देण्याइतकी आम्लता साठलेली नसते. मुलास गुदमरल्यासारखे वाटतच नाही, आणि तळाशी टाकलेले नाणे चाचपीत असतानाच त्याची शुद्ध हरपते.