लवकर पोहोचणाऱ्यालाही दंड!

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि आपल्या मराठवाड्यातील रस्त्यांचे रूप पालटते. साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या कारखान्यांकडे निघतात. पुढे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची वर्दळ लागते. हवा थंड, आकाश निरभ्र. प्रवासाला याहून चांगला काळ नाही. मोटार रॅलींचाही हाच हंगाम. यंदा अशाच एका रॅलीची मी उत्सुकतेने वाट पाहत आहे. तीही प्रेक्षक म्हणून नव्हे, तर स्पर्धक म्हणून!

लातूरला आडतीचा व्यवसाय सांभाळणाऱ्या माझ्या पुतण्याने रॅलीत नाव नोंदवले, तेव्हा घरात चिंता पसरली. वहिनींनी स्पष्टच सांगितले, “भावजी, तुम्ही शेजारी बसणार असाल तरच मी त्याला जाऊ देईन.” आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेल्या माणसाला गाडीच्या वेगाशी काय कर्तव्य, असे प्रथम मला वाटले. नियम वाचले आणि ध्यानात आले, की हे काम चालकाइतकेच हिशेबनिसाचेही आहे.

रॅली म्हटले की बेफाम धावणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. बंद रस्त्यांवर वेगाची कसोटी घेणाऱ्या रॅलीही असतातच. परंतु सर्वसामान्य कुटुंबांना भाग घेता येतो ती ‘टीएसडी’, म्हणजे काळ, वेग आणि अंतर यांच्या मेळाची रॅली. तिथे सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. संयोजक प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून देतात. समजा, 18 किलोमीटरचा टप्पा ताशी 40 किलोमीटर सरासरीने पार करायचा आहे, तर बरोबर 27 मिनिटे लागली पाहिजेत. 29 मिनिटे लागली तरी दंड, आणि 25 मिनिटांत पोहोचलात तरीही दंड! अनेक रॅलींत तर उशिरापेक्षा लवकर येण्याचा दंड अधिक असतो. तपासणी नाके कुठे आहेत, हे आधी सांगितलेले नसते. त्यामुळे मधे वेळ दवडून शेवटी भरपाई करता येत नाही. प्रत्येक किलोमीटरचा हिशेब त्या त्या वेळीच जुळावा लागतो. रोजकीर्द रोजच लिहावी, हा आपल्या वाडवडिलांचा शिरस्ता इथेही लागू पडतो.

1968च्या हिवाळ्यात एका प्रचंड रॅलीने मुंबई गाठली होती. लंडन ते सिडनी अशी ती स्पर्धा. 24 नोव्हेंबरला लंडनहून 98 मोटारी निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली असा मार्ग कापत त्यांतील 72 मुंबईपर्यंत आल्या आणि ‘चुसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथे अखेरच्या टप्प्यात, सिडनी जवळ आली असताना, आघाडीवर असलेल्या लुसियाँ बियांकी यांच्या सित्रोएन गाडीचा समोरून आलेल्या मोटारीशी अपघात झाला. मागून येणारे पॅडी हॉपकर्क स्पर्धेतील आपला वेळ जाईल हे ठाऊक असूनही जखमींच्या मदतीसाठी थांबले. विजय अँड्र्यू कोवन यांच्या हिलमन हंटरला मिळाला आणि हॉपकर्क दुसरे आले. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्या रॅलीची कथा सांगताना हॉपकर्क यांचे थांबणे कोणी विसरत नाही. आपण ज्याला अनुकंपा म्हणतो, ती याहून वेगळी काय असते?

आमची पूर्वतयारी नांदेड-लातूर रस्त्यावर चालू आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर या ओळखीच्या गावांवरून जाताना मी मांडीवर वही आणि हातात घड्याळ घेऊन बसतो. गाडीचा अंतरमापक खरा किती दाखवतो, हे किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहतो. पुतण्याला मी एक हिशेब करून दाखवला. हे अंतर 140 किलोमीटर धरले, तर ताशी 80च्या वेगाने 105 मिनिटे लागतात आणि 100च्या वेगाने 84. वाचली 21 मिनिटे. म्हणजे एका सामायिकाच्या निम्माही वेळ नाही! एवढ्यासाठी आपण काय पणाला लावतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. गतवर्षी याच दिवसांत, पहाटेच्या धुक्यात, मागे परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली आमच्या गाडीसमोर अचानक प्रकट झाली. ब्रेक लागला आणि हातभर अंतराने आम्ही वाचलो. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. त्याच धुक्यात, त्याच रस्त्याच्या कडेने एखादा साध्वीसंघ अनवाणी चालत असता तर, हा विचार आजही माझी झोप उडवतो. विहारात असताना वाहनाच्या धडकेने साधू-साध्वींचा देह पडल्याची वार्ता आपण वाचतो, हळहळतो. परंतु त्या वाहनाच्या जागी आपलेही वाहन असू शकते, हे मनात आणत नाही. चार हात पुढची भूमी न्याहाळत पाऊल टाकणे ही साधूंची ईर्यासमिती. चाकामागे बसणाऱ्या श्रावकाला ती वेगळ्या मापाने पाळावी लागेल. दिव्यांचा प्रकाश जिथवर पोहोचतो, त्याच्या आत गाडी थांबवता आली पाहिजे. एवढाच वेग आपला.

रॅलीच्या दिवशी आम्ही खाखरे आणि उकळलेले पाणी बरोबर घेऊ, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकू. पारितोषिकाची आशा फारशी नाही. मात्र अलीकडे पुतण्या एकटा लातूरहून निघतो, तेव्हा वेळेआधी दहा मिनिटे निघतो आणि सांगितलेल्या वेळी पोहोचतो. परवा वहिनींनी दूरध्वनीवर विचारले, “भावजी, याला काय शिकवलेत? हल्ली मला खिडकीत उभे राहावे लागत नाही.”

माझ्या लेखी आमची रॅली तिथेच जिंकून झाली. जय जिनेंद्र!