हाताला वळण लागायला हवं

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, 'सगळी पकडून न्या,' दुसरा म्हणतो, 'मुक्या जिवाला हात लावू नका.' मधला मार्ग म्हणजे नसबंदी. गाडी येते, कुत्रे नेते, शस्त्रक्रिया होते, रेबीजची लस टोचली जाते आणि कानाला खाच पाडलेलं कुत्रं गल्लीत परत येतं. पण शस्त्रक्रिया करणारा हात किती सरावलेला आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, ते आपण विचारायला हवं.

कारण सांगते. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज भाकरतुकडा घालणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. त्यांच्या हाकेलाच ती जवळ येतात. आमच्या मंडळाच्या ओळखीतल्या एका गल्लीत शिबिरातून परत आलेल्या कुत्रीचे टाके उसवले आणि ती दगावली. त्यानंतर तिथल्या एकीनेही गाडीवाल्यांना मदत केली नाही. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि दोन महिन्यांत विते. पुढचं काय सांगायचं? वर्षभरात गल्लीत पिल्लंच पिल्लं!

डॉक्टर तर शिकलेले असतात, मग असं का होतं? ओळखीतल्या एका तरुण पशुवैद्यक मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, साडेपाच वर्षं शिकले, पण जास्त काम गाई-म्हशींचं. कुत्रीचं पोट स्वतः उघडायची संधी फार थोडी मिळाली. पहिल्या वेळी हात थरथरत होता." मला पटलं. नुसतं पुस्तक वाचून पुरणपोळी जमते का? इथे तर जिवाशी गाठ!

नराची शस्त्रक्रिया त्यामानाने सोपी. मादीचं पोट उघडून गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढावे लागतात. बीजांडकोश आत खोल, मूत्रपिंडाजवळ घट्ट बांधलेले असतात. तिथल्या रक्तवाहिनीची गाठ निसटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो आणि बाहेरून लवकर कळतही नाही. कुत्री माजावर किंवा गाभण असेल तर रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. धोका आणखी वाढतो.

म्हणून पदवीनंतरही खास प्रशिक्षण लागतं. तामिळनाडूत उटीला आणि आपल्या शेजारी गोव्यात आसगावला 'वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस' या संस्थेची अशी केंद्रं आहेत. चांगल्या प्रशिक्षणात पायरी-पायरीने शिकवतात. आधी नुसत्या दोऱ्यावर गाठी मारायच्या, मग बघायचं, मग मदतनीस व्हायचं. पुढे नराची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर अनुभवी डॉक्टर शेजारी उभे असताना मादीची. वजन करून भूल देणं, श्वासावर नजर ठेवणं, अंग गार पडू न देणं, वेदना कमी करणारं औषध देणं, पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे मोजणं, हे सगळं त्यात आलं. रस्त्यावरच्या कुत्र्याला टाके काढायला कोण परत नेणार? म्हणून चीर लहान ठेवायची आणि आपोआप विरघळणारा दोरा वापरायचा. गाठ निसटली तर काय करायचं, हे गुरूच्या देखरेखीत एकदा केलं की पुढे एकटीवर वेळ आली तरी डॉक्टर गोंधळत नाही.

२००१ च्या नियमांच्या जागी २०२३ मध्ये नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. त्यानुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच हे काम करायचं आहे. गावपातळीवर देखरेख समितीचीही तरतूद आहे. पण कंत्राट देताना बहुधा चर्चा होते ती एका कुत्र्यामागे किती रुपये, एवढीच.

आपण ब्लाउज शिवायला टाकतानाही शिंपीणबाईंचा हात कसा आहे, याची चौकशी करतो. मग नगरपालिकेत चौघी-पाचजणी मिळून जायला काय हरकत आहे? संस्थेला मान्यता आहे का? डॉक्टरांनी प्रशिक्षण कुठे घेतलं? दिवसाला किती शस्त्रक्रिया करतात? नंतर कुत्रे किती दिवस सांभाळतात? आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरांना प्रशिक्षणाला पाठवाल का? अर्ज लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.