काळजी वाहणाऱ्यांचाही कैवारी

घरात एखादे माणूस अंथरुणाला खिळले असेल, तर दिवस कसा सरतो हे आपणांस वेगळे सांगायला नको. पहाटेची औषधे, अंग पुसणे, कूस पालटणे, रात्रीची जागरणे. या श्रमांची नोंद कोणत्याही वहीत होत नसते. ती शासनदरबारी व्हावी, यासाठी ब्रिटनच्या एका खासदाराने आपली कारकीर्द वेचली. त्यांचे नाव आल्फ मॉरिस.

१९२८ साली मँचेस्टर शहरातील एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धातील विषारी वायूने वडिलांची प्रकृती खालावली होती; आल्फ लहान असतानाच ते निवर्तले. अपंगत्व एकाला आले तरी ते सारे घर सोसते, हे त्यांनी बालपणीच पाहिले.

१९६४ मध्ये ते मजूर पक्षातर्फे संसदेत निवडून गेले. १९६९ मध्ये खासगी विधेयकांच्या सोडतीत त्यांचा पहिला क्रमांक लागला आणि ती संधी त्यांनी दिव्यांग व दीर्घकाळ आजारी असलेल्यांसाठी वापरली. २९ मे १९७० रोजी, संसद विसर्जित झाली त्याच दिवशी, विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले. थोडा विलंब झाला असता, तर सारे श्रम वाया गेले असते.

आपल्या भागात दिव्यांग किती आहेत याचा शोध घेणे, हे या कायद्याने स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले. गरज सिद्ध झाल्यास घरकामाला मदतनीस, घरात आवश्यक फेरबदल, दूरध्वनी यांची सोय करणे बंधनकारक झाले. सार्वजनिक इमारतींतील प्रवेश आणि स्वच्छतागृहे यांचाही त्यात विचार होता.

१९७४ मध्ये मॉरिस दिव्यांगांसाठी नेमलेले पहिले मंत्री झाले. त्यांच्याच कार्यकाळात, १९७६ पासून, घरी रुग्णाची शुश्रूषा करण्यासाठी नोकरीवर पाणी सोडणाऱ्यांना भत्ता मिळू लागला. त्यातही एक मोठी उणीव राहिली: विवाहित स्त्रियांना तो नाकारला गेला. जणू सेवा हा त्यांचा धर्मच! ही अट दूर व्हायला १९८६ साल उजाडले. मॉरिस यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. म्हणून वाचकहो, घरातील व्यक्तीचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्या आणि कोणत्या योजना लागू होतात, याची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. संकोच बाळगू नका. हक्काचे मागण्यात कमीपणा नाही. आणि रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या सुनेला, मुलाला किंवा वृद्ध जोडीदाराला आठवड्यातून एक दुपार तरी विसावा द्या. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.