मॅक्नॅब ओढ्याची खडी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूव्हरच्या वायव्येस, हाऊ साउंड या डोंगरांनी वेढलेल्या समुद्रशाखेस मॅक्नॅब ओढा जेथे मिळतो, तेथील हिमयुगीन रेती व खडी वर्षाकाठी कमाल १६ लाख टन याप्रमाणे १६ वर्षे उपसून बार्जमधून महानगराकडे न्यावी, असा अर्ज कॅल्गरीच्या बर्नको कंपनीने सरकारदरबारी गुदरला. नौकाविहारासाठी व सुट्टी घालविण्यासाठी येथे येणारे लोक, स्थानिक रहिवासी आणि संरक्षणवादी संस्था यांनी हरकती नोंदविल्या, त्यांत सॅल्मनच्या प्रजननस्थळाचा प्रश्न अग्रभागी होता. कारण कडे थेट पाण्यात उतरणाऱ्या या प्रदेशात ओढ्यांची सपाट, दलदलयुक्त मुखे दुर्मिळच.

शिवाय १९७४ साली बंद पडलेल्या ब्रिटानिया ताम्रखाणीचे आम्लयुक्त पाणी पुढे कित्येक वर्षे हाऊ साउंडच्याच पाण्यात मिसळत राहिले होते. खडीच्या उपशातून तसले आम्ल झरत नाही हे खरे, परंतु पोळलेल्या लोकांकडून इतक्या सूक्ष्म विवेकाची अपेक्षा धरणे रास्त नव्हे. मार्च २०१८ मध्ये प्रांतिक शासनाने अटी घालून पर्यावरणविषयक दाखला दिला; २०२१ मध्ये युनेस्कोने हाच टापू जीवावरण क्षेत्र म्हणून मान्य केला.