जहाजाचे लोखंड आणि कपड्यांवरून घरी येणारी धूळ

भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली आणि रे रोडजवळच्या दारूखान्यात तोडली गेली. तिच्या लोखंडातले काही बजाजने घेतले आणि २०१६ मध्ये ‘व्ही’ ही मोटारसायकल काढली. तिची जाहिरात अनेकांना आठवत असेल. आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे वाटेल. पण आपल्या वस्त्यांतली कितीतरी घरे भंगारावर आणि गॅस कटिंगवर चालतात, म्हणून आम्ही तो घेतला आहे.

जुन्या लोखंडाचा पुनर्वापर चांगलाच आहे, यात वाद नाही. एक टन भंगार वितळवून पोलाद केले, तर सुमारे १.४ टन खनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. खाणीसाठी डोंगर फोडावा लागत नाही, धूरही कमी होतो. जहाजाच्या वजनात बहुतांश लोखंडच असते. त्याचे जाड, सपाट पत्रे तर वितळवावेही लागत नाहीत. री-रोलिंग मिलमध्ये लाल होईपर्यंत तापवून त्यांच्या सळ्या ओढतात. म्हणून अशा पोलादाला ‘हिरवे’ म्हणायची पद्धत पडली आहे. हा हिशेब खाणीपासून भट्टीपर्यंतचा आहे. कापणाऱ्याची छाती त्यात कुठे धरलेली नाही.

देशातले सर्वांत मोठे जहाजतोडीचे ठिकाण गुजरातेत भावनगर जिल्ह्यात, अलंगला आहे. खंबातच्या आखातात भरती फार मोठी येते. त्या भरतीवर जहाज थेट किनाऱ्यावर चढवायचे आणि ओहोटीत चिखलावर उभे राहिले की तोडायला घ्यायचे, असे तिथे १९८३ पासून चालू आहे. कामगार बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले.

जहाजात लोखंडाबरोबर आणखी बरेच काही असते. रंगात शिसे असते. रंग न खरवडता कटर लावला की शिशाचा धूर होतो, तो श्वासातून रक्तात जातो. त्याने रक्त कमी होते, पोटात कळा येतात. कपड्यांवरून ते घरी आले तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. बंद टाक्यांचा धोका वेगळा. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाते. त्यामुळे वर्षभर बंद असलेली टाकी रिकामी दिसली तरी आत श्वासापुरती हवा नसते. एक जण आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही जातो. गटारात उतरलेल्या आपल्या माणसांचे हेच होते, हे वेगळे सांगायला नको. आधी हवा खेळवून, यंत्राने तपासून मगच उतरायचे, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

सर्वांत फसवा ॲस्बेस्टॉस. जुन्या जहाजांत बॉयलर, इंजिनखोलीतले नळ, केबिनच्या भिंती, आगरोधक दारे यांत तो भरलेला असतो. तो फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वास नाही, जळजळ नाही, त्या दिवशी काहीच होत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी धाप लागू लागते. फुप्फुस कडक होण्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात, ते बरे होत नाही. फुप्फुसाचा आणि त्याच्या आवरणाचा कर्करोगही यातून होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी जास्त. ज्या बायका जहाजावर कधी गेल्या नाहीत, फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धूत होत्या, त्यांनाही हा आजार झाल्याची उदाहरणे जगभर आहेत.

म्हणून ताई, ते कपडे झटकू नका, उन्हात आपटू नका. आधी पाण्यात भिजवा, मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. शक्यतो कामावरच आंघोळ करून, कपडे बदलून यायला सांगा. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. दोनशे रुपयांत मिळाली म्हणून जहाजाची फळी घरात बसवून तिला भोके पाडू नका. घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यातही ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा कापू नका, तुटला तर तुकडे ओले करून उचला.

आणखी एक गोष्ट आम्ही दवाखान्यात वारंवार पाहतो. खोकला आणि धाप म्हटली की टीबीकडे बोट जाते. टीबीची तपासणी करायलाच हवी, चालू असलेले औषधही बंद करायचे नाही. पण पूर्वी कोणकोणती कामे केली, हे केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. पंचवीस वर्षांपूर्वी दोन वर्षे जहाजावर होतो, हे आपल्याला क्षुल्लक वाटते, डॉक्टरांना तेच हवे असते.

कायदा आहे. २०१९ च्या जहाज पुनर्वापर कायद्यानुसार जहाजातल्या घातक पदार्थांची यादी हवी आणि कायम असो वा हंगामी, प्रत्येक कामगाराचा विमा मालकाने काढायचा आहे. हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला. पण त्यात किनाऱ्यावर जहाज तोडण्याला बंदी नाही, हे आम्हाला खटकते.

त्याआधीचा एक निकाल आम्हाला जास्त कामाचा वाटतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितले, की कामगाराच्या तपासणीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, यातले जे नंतर संपेल तोवर जपा. आजार उशिरा उगवतो म्हणून कागदही तितका टिकला पाहिजे. ॲस्बेस्टॉसिस भरपाईच्या आजारांच्या यादीत आहे, पण तो कामामुळे झाला हे दाखवावे लागते. ठेकेदार बदलतो, गाळा बंद होतो, मुकादम गावी जातो. तेव्हा हजेरी कार्ड, गेटपास, ईएसआयचा नंबर, जुने एक्स-रे एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.