लूप टायलिंग: आधी बांध मोजा

पत्र्यातून उष्णता कशी पसरते हे ग्रिडवर मोजताना दर फेरीला प्रत्येक बिंदूची नवी किंमत काढायला चार शेजाऱ्यांची किंमत लागते. काम अनेक प्रोसेसरांत वाटलं, की कडेच्या किमती एकमेकांना कळवाव्या लागतात. लूपचे तुकडे, म्हणजे टाइल, कसे पाडता यावर हा खर्च ठरतो.

गैरसमज: प्रोसेसर दुप्पट, तर वेळ निम्मा.
वस्तुस्थिती: निम्मं होतं ते गणित. आडव्या पट्ट्या पाडल्या असतील, तर पट्टीची रुंदी घटते, लांबी तीच राहते. म्हणून मधल्या प्रोसेसरला पूर्वीइतकेच आकडे पाठवावे लागतात.

गैरसमज: वाटे समान झाले की आकार कसाही चालतो.
वस्तुस्थिती: ४०९६ × ४०९६ बिंदू ६४ प्रोसेसरांत वाटू. पट्टी पाडल्यास मधला प्रोसेसर दर फेरीला दोन कडांचे ८,१९२ आकडे पाठवतो. ५१२ × ५१२ चा चौकोन दिल्यास चारही कडांचे मिळून २,०४८. गणित तेवढंच, देवाणघेवाण चौथाई. शेताचंही तसंच असतं: क्षेत्र सारखं असलं तरी चिंचोळ्या पट्टीला बांध जास्त लागतो.

गैरसमज: आकडे कमी पाठवले की काम भागलं.
वस्तुस्थिती: प्रत्येक संदेशाला, तो कितीही लहान असो, सुरुवातीचा ठरावीक वेळ लागतोच. पट्टीला दोन संदेश पुरतात, चौकोनाला चार लागतात. ग्रिड लहान असेल तर पट्टीच सरस ठरू शकते. संदेशांच्या या ठरावीक वेळेवर उपाय आहे. शेजाऱ्याची एकच ओळ न घेता कोपऱ्यांसह चार ओळी एकदम घ्या. मग चार फेऱ्यांना मिळून एकदाच देवाणघेवाण पुरते. बदल्यात कडेचे काही बिंदू दोन्हीकडे मोजले जातात.

गैरसमज: मग टाइल जितकी मोठी तितकी चांगली.
वस्तुस्थिती: गाउस-सायडेल पद्धतीत त्याच फेरीतली शेजारची नवी किंमत लागते. तिथे पहिली मोठी टाइल संपेपर्यंत पुढचे प्रोसेसर रिकामे बसतात. म्हणून मधला आकार प्रत्यक्ष चालवून शोधावा लागतो.

गैरसमज: हे सगळं कम्पायलर बघून घेईल.
वस्तुस्थिती: २००८ मध्ये मांडलेल्या प्लूटोसारखी साधनं नियमित लूपच्या टाइल आपोआप पाडतात. पण कोणता बिंदू कोणावर अवलंबून आहे हे कोडवरून कळलं तरच. दोन टाइल एकमेकींची वाट पाहत अडकणार असतील, तर तशी फोड चुकीचीच ठरते. आणि वेगवेगळ्या नोडवर, म्हणजे स्वतंत्र संगणकांवर, डेटा कसा वाटायचा, हे एमपीआय या संदेश पाठवण्याच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आपणच लिहितो.

म्हणून जास्त प्रोसेसर मागण्याआधी कागदावर दोन आकडे मांडा: एका टाइलच्या आत किती बिंदू, आणि तिच्या कडेवर किती. प्रोग्रॅम कुठे अडकतोय, हे बहुतेक वेळा तिथेच दिसू लागतं.